मैदानावर पाऊस असेल त्या दिवशी

३ जून

दादा,

बंदच ठेवायचं होतं, तर उघडणारं छप्पर बांधलं कशाला?

तुझ्या पत्रात एवढी एकच ओळ होती. वर 'ठके' नाही, खाली 'दादा' नाही. दोन वर्षांनी पत्र पाठवलंस तेही असं, दारावर दगड मारून पळाल्यासारखं. मी ती ओळ डोक्यात घेऊन फिरते आहे आणि कबूल करते, मला उत्तर येत नाही. त्या छपराच्या मोटारी, चाकं, रूळ, सगळं मला तोंडपाठ आहे. हे मात्र येत नाही.

फोनवरच बोलले असते. पण तू आईचा फोन घेतोस आणि मागून माझा आवाज आला की तुझी रेंज जाते. म्हणून पत्र. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड.

तुला कुणी सांगितलं माहीत नाही, पण खरं आहे. आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभं असलेलं हे एवढं मोठं स्टेडियम, त्याचं छप्पर गेल्या हिवाळ्यापासून उघडलेलं नाही. थंडीत म्हणाले, प्रेक्षकांना गारठा लागेल. उन्हाळ्यात म्हणाले, आतली गार हवा बाहेर जाईल. आता पाऊस आलाय, तर कारण द्यायचीही गरज उरलेली नाही. गवत पिवळं पडलंय. त्यावर चाकांचे मोठमोठे दिवे फिरवतात. बाहेर सूर्य फुकट तापतो आणि आत आम्ही वीज जाळून त्याची नक्कल करतो. आणि हे सगळं माझ्या खात्यात. छपराची इंजिनिअर मी.

पण म्हणून तू जिंकलास असं समजू नकोस.

छपरासाठी वॉर्डाच्या सभागृहात सभा झाली त्या दिवशी तू म्हणालास, छप्पर आलं की आमचा धंदा बसला. बरोबर होतं. बाबांपासून फाटकाबाहेर रेनकोट विकणाऱ्या घरानं दुसरं काय म्हणायचं? आई दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये प्लास्टिक धरून इस्त्रीनं शिवणी चिकटवायची. तू फाटकाशी उभा राहून स्वच्छ आभाळाकडे काळजीनं बघायचास आणि मान हलवायचास. 'भिजाल साहेब, भिजाल!' लोक वर बघायचे, एक ढग नसायचा, तरी घ्यायचे. माझी कॉलेजची फी त्या न पडलेल्या पावसातून भरली गेली, हे मी विसरलेले नाही.

पण मी उठून बोलले तेही बरोबरच होतं. तू ज्या मुलींना फुटबॉल शिकवायचास त्यांचं मैदान म्हणजे टाकीमागचा तो मातीचा तुकडा. पाऊस लागला की चार महिने नुसता चिखल. मी एवढंच विचारलं, पावसात या मुलींना छपराखाली खेळू द्याल का? आणि स्टेडियमचे मॅनेजर साहेब माईकवर, सगळ्यांसमोर म्हणाले, 'मैदानावर पाऊस असेल त्या दिवशी मैदान वस्तीतल्या मुलींचं!' टाळ्या पडल्या. तू उठून गेलास. घरी येऊन म्हणालास, 'पावसानं शिकवलं आणि पावसालाच दार लावलंस.' महिना व्हायच्या आत तू परक्या शहरात गेलास, आणि नोकरी कुठली धरलीस? उघड्या क्रिकेटच्या मैदानावर ताडपत्री ओढायची. पाऊस आला की बाकीच्यांबरोबर पळत जाऊन खेळपट्टी झाकायची. मला चिडवायलाच धरलीस की काय, असं कधीकधी वाटतं.

काल खारूताई भेटली. तुझी गोलकीपर. उंच झाली आहे, दात मात्र तेच. 'ताई, पाऊस सुरू झाला की. कधी येऊ?'

मी म्हटलं, याच आठवड्यात.

गेल्या पावसाळ्यातही असंच म्हटलं होतं.

ठकी


२१ जून

दादा,

तुझं उत्तर आलं. 'गवताला पाणी नळाचं देतात की टाकीचं?' मी एवढं पानभर लिहिलं आणि तुला गवताचं पडलंय! टाकीचं देतात. झालं समाधान?

मी तीन अर्ज दिले. पहिल्यावर लिहून आलं, सुट्टीच्या दिवशी रखवालदार नाहीत. मी कामाच्या दिवसाचा दिला. दुसऱ्यावर लिहून आलं, मुलींच्या बुटांना चिखल असेल. मी लिहिलं, बूट धुऊन आत येतील, मी स्वतः धुईन. तिसऱ्या अर्जावर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

'बसा. चहा?'

'नको सर.'

'घ्या हो. आमच्या वस्तीतल्या इंजिनिअर तुम्ही.'

हे ते दर वेळी म्हणतात. वस्ती त्यांची कधी झाली, विचारायला पाहिजे एकदा.

'सर, सकाळपासून पाऊस आहे.'

'कुठे?'

'बाहेर, सर. तुमच्या खिडकीत दिसतोय.'

'बाहेर.' त्यांनी खिडकीकडे बघितलंही नाही. 'आपण काय म्हणालो होतो? मैदानावर पाऊस असेल त्या दिवशी. मैदानावर आहे का?'

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसलेसुद्धा. पण ते उठले, मला खाली घेऊन गेले आणि कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी उभं केलं. तिथे जुना पर्जन्यमापक आहे, काचेचा. तुला आठवत असेल, छप्पर नव्हतं तेव्हा पंच त्यात किती पाणी जमलंय ते बघून सामना थांबवायचा की नाही ते ठरवायचे. छप्पर आलं, दिवे आले, खुर्च्या बदलल्या, तो मात्र होता तिथेच राहिला. नियमावलीतलं त्याचं कलमही तसंच राहिलं.

'बघा. कोरडा ठणठणीत.'

'सर, त्याच्यावर छप्पर आहे.'

'मग? छप्पर बांधलं कशाला आपण?'

दादा, ते हसले असते तर मी सहन केलं असतं. पण ते अगदी गंभीर होते. त्यांनी माझ्यासमोर अर्जावर शेरा मारला: पर्जन्यमापकात पाणी आढळल्यास परवानगी आहे. खाली सही. आणि माझ्या खांद्यावर थोपटून वर निघून गेले, एखाद्याचं काम करून दिल्यासारखे.

मी चौथा अर्ज दिला, पर्जन्यमापक बाहेर गच्चीवर हलवावा म्हणून. त्यावर आलं, तो मैदानाच्या मालमत्तेत मोडतो, समितीच्या ठरावाशिवाय जागेवरून हलवता येणार नाही. समिती कधी बसते? वर्षाअखेरीला.

मुली सध्या पुलाखाली खेळतात. बॉल रस्त्यावर गेला की इंजिन गाड्यांमधून धावत जाऊन आणते. तूच तिला इंजिन नाव ठेवलंस ना, एकदा सुटली की थांबत नाही म्हणून? परवा टेम्पोवाल्यानं अगदी वेळेवर ब्रेक मारला. तिचे दोन्ही गुडघे सोलवटले आहेत. तिच्या आईनं मला रस्त्यात गाठलं आणि म्हणाली, 'छप्पर तुमचं, तुम्ही त्याच्याखाली बसा. आमच्या पोरींना आशा कशाला लावता?'

तिला काय, कोरड्या पर्जन्यमापकाची गोष्ट सांगणार?

ठकी


१० जुलै

दादा,

परवाचा सामना तुमच्याकडे टीव्हीवर दाखवला का? दाखवला असेल तर तू हसून हसून लोळला असशील. ते हसू मनात ठेव, आणि नीट काय झालं ते माझ्याकडून ऐक.

समितीच्या अध्यक्षांना सामन्याच्या सुरुवातीला टीव्हीवर आभाळ दाखवायचं होतं. वरून हेलिकॉप्टरमधून, छप्पर फुलासारखं उघडतंय, असं. सहा महिने न हलवलेलं छप्पर भर सामन्याच्या दिवशी! आमचे फिटरकाका छपराला सासूबाई म्हणतात. ते म्हणाले, 'ठके, सासूबाईंना इतके दिवस कुणी विचारलं नाही, आणि आज पाहुण्यांसमोर नाच म्हणतात. त्या नाचायच्या नाहीत.' मी साहेबांना सांगितलं, वारा वाढतोय, उघडायला आणि मिटायला वेळ लागतो, हे काही पडदा ओढण्यासारखं नाही. ते म्हणाले, 'दोन मिनिटांचा प्रश्न आहे हो.'

उघडलं. आभाळ दिसलं. टाळ्या झाल्या. आणि ढग आला.

मिटायला सुरुवात केली. निम्म्यावर आलं आणि वाऱ्यानं मर्यादा ओलांडली. मर्यादा ओलांडली की मोटारी आपोआप बंद पडतात, आणि तेच बरोबर आहे, नाहीतर एवढं धूड रुळांवरून तिरकं होऊन अडकेल. पण ते निम्म्यावर थांबलं. आता निम्मं म्हणजे कुठलं निम्मं, ते तूच ओळख. गाद्यांच्या खुर्च्यांवर एक थेंब नाही. स्वस्तातली बाजू ओलीचिंब. लोक इकडे तिकडे बघायला लागले, आणि दादा, ते कुणाला शोधत होते ते मला कळलं. पण फाटकावर पाटी आहे ना: 'येथे पाऊस पडत नाही. छत्री, रेनकोट आत आणू नये.' कुणीतरी ती पाटीच काढून डोक्यावर धरली.

आई घरी टीव्हीसमोर होती. मी आल्यावर तिनं एकदा माळ्याकडे बघितलं फक्त. तुझे उरलेले रेनकोट अजून तिथेच आहेत, तीन पोती.

या सगळ्याचा निकाल काय लागला असेल? तुला वाटेल, चाचण्या वेळेवर घ्यायच्या असं ठरलं असेल. छपराच्या कंपनीचा नियमच आहे, महिन्यातून एकदा पूर्ण उघडून पूर्ण मिटायचं, नाहीतर चाकं एकाच जागी दबून चपटी होतात. चाचणीचा दिवस ड्यूटीवरच्या इंजिनिअरनं ठरवायचा, साहेबांना फक्त कळवायचं, असंही त्यात लिहिलंय. पण मी कळवलं की 'पुढच्या महिन्यात बघू' येतं.

तर ठरलं ते असं: सप्टेंबरपासून छप्पर कायमचं बंद. चाकं काढणार, जोड पक्के करणार, खाली नकली गवत. मग वर्षभर भाड्यानं. गाड्यांचं प्रदर्शन, फर्निचरचं प्रदर्शन, गाण्याचे कार्यक्रम. खेळ अधूनमधून. पहिलं गाड्यांचं प्रदर्शन तर ऑगस्टमध्येच, आहे त्याच गवतावर फळ्या टाकून.

'मग मुलींचं काय, सर?' मी विचारलं.

'पर्जन्यमापक काढूनच टाकू,' साहेब म्हणाले. 'वादच नको.'

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. मुख्य दारावर माझा फोटो आहे. माझ्या दुप्पट उंच. पिवळं हेल्मेट घालून मी वर बघते आहे आणि खाली लिहिलंय: 'वस्तीतली लेक, छपराची मालकीण.' लागला तेव्हा आई रोज मुद्दाम तिकडून भाजी आणायला जायची. आता मागच्या गल्लीनं जाते.

ठकी


२९ जुलै

दादा,

'मी सांगितलं होतं.'

मी वाट बघत होते तुझ्या पत्राची, आणि त्यात हे तीन शब्द! त्यापेक्षा कोरा कागद पाठवायचास.

तू काय सांगितलं होतंस? धंदा बसेल, हे सांगितलं होतंस. यंत्र वाईट आहे, हेही सांगितलं होतंस, आणि ते मी आजही मानत नाही. यंत्र वाईट नाही. ऊन हवं तेव्हा ऊन, पाऊस नको तेव्हा आडोसा, गवत जिवंत, माणसं कोरडी, यात वाईट काय आहे? महाग आहे, मान्य. अडतं, तेही मान्य. बाहेर गल्लीत वारा कमी लागतो, आईला दुपारी घरात बसवत नाही, मान्य, मान्य. पण हलवणारे हलवतच नाहीत हा दोष छपराचा कसा? चांगली शाळा बांधून तिला कुलूप लावलं तर शाळा वाईट म्हणायची?

आणि तुझ्या उघड्या मैदानाचं कौतुक मला नको सांगूस. तुझा हात कसा आहे?

हो, कळलं मला. तुझ्या खोलीतल्या सोबत्यानं आईला फोन केला. ओली ताडपत्री वाऱ्यानं फुगली, बाकीच्यांनी सोडली, तू सोडली नाहीस आणि ती तुला फरफटत घेऊन गेली. मनगट मोडलंय, प्लास्टर आहे. म्हणजे मला जे तीन शब्द लिहिलेस ते डाव्या हातानं. अक्षर वाकडं का, ते मी आधीच ओळखायला हवं होतं. मला वाटलं, रागानं आलंय तसं.

का सोडली नाहीस रे? एक खेळपट्टी भिजली असती. पाऊस माणसाच्या हातांनी अडवायचा नसतो, म्हणून तर मी हे शिकले. हेच मी त्या दिवशी सभागृहात सांगत होते, आणि तू मध्येच उठून गेलास.

मला तुम्हा सगळ्यांचा वैताग आलाय. साहेबांचा, अध्यक्षांचा, तुझा. त्यांना छप्पर बंद हवं, तुला छप्परच नको. ते चालवावं असं म्हणणारी मी एकटी, आणि माझाच फोटो दारावर.

त्यांनी मला माहितीपत्रकासाठी चार ओळी लिहायला सांगितल्यात. 'कायम बंद छपराचे फायदे', माझ्या सहीनं. लिहून दिल्या तर नव्या रचनेत मोठी जागा देतील म्हणे. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती 'तुला पटेल ते कर' म्हणेल, आणि हे वाक्य ती ज्या आवाजात म्हणते तो आवाज मला आत्ता नको आहे.

हाताला पाणी लावू नकोस.

ठकी


१७ ऑगस्ट

दादा,

हे पत्र सावकाश वाच. मी स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे, आई शेजारी बसून रेनकोट पुसते आहे. हो, रेनकोट.

परवा शनिवारी गाड्यांचं प्रदर्शन सुरू व्हायचं होतं. फळ्या उद्या टाकणार होते. म्हणजे गवतावर खेळायचा शेवटचा दिवस आज. सकाळी उठले तर पाऊस लागलेला, वारा मात्र जवळजवळ नाही. सोमवारपर्यंतचा अंदाज बघितला. दुपारनंतर वारा सुटणार आणि तीन-चार दिवस थांबणार नाही. मी बराच वेळ चहाचा कप हातात धरून बसले. मग साहेबांना फोनवर निरोप पाठवला: आज छपराची चाचणी घेत आहे. त्यांनी लगेच अंगठा पाठवला. एकतर वाचलं नसेल, नाहीतर पावसात छप्पर कोण उघडतंय असं वाटलं असेल.

फिटरकाकांनाही तेच वाटलं.

'पावसात?' ते म्हणाले. 'पाऊस आला की मिटायला सगळे पळतात. उघडणारं माणूस अजून मी बघितलं नाही.'

'नियमात वाऱ्याची मर्यादा आहे, काका. पावसाची नाही.'

'हे तू मला कशाला सांगतेस? साहेबांना सांग.' मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'पोरींना बोलावलंस?'

'बोलावलंय.'

'मग चाल. रूळ बघायला मीच पाहिजे. तू त्या चपला घालून आलीस तर सासूबाई आधी तुझाच पाय घेतील.'

छप्पर हलवायच्या आधी दोन्ही बाजूंचे रूळ पायी चालून बघावे लागतात, हे तुला माहीत नसेल. एखादी पिशवी, एखादा सुटलेला बोल्ट, पक्ष्याचं घरटं, काहीही असतं. आम्ही एकेक बाजू घेतली. वरून मला आपली गल्ली दिसत होती, आणि गल्लीतून निघालेल्या मुली. लांबून ओळखू येईनात. सगळ्या निळ्या. मी निघताना आईला सगळं सांगून आले होते, आणि नंतर कळलं, तिनं लगेच तुझं एक पोतं माळ्यावरून खाली ओढलं. म्हणाली, 'इतकी वर्षं ठेवलेत, एकदा भिजू देत की.'

मग मी छप्पर उघडलं.

दादा, आधी कुरकुर, मग गुरगुर, मग एक मोठा उसासा, आणि कडेची फट रुंद व्हायला लागली. पाऊस आत आला. सरळ, शिस्तीत, पहिल्यांदाच आत घेतलेल्या पाहुण्यासारखा. पिवळ्या गवताचा वास एकदम बदलला. मी पळत कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गेले, पर्जन्यमापकासमोर उकिडवी बसले आणि तळाशी पाणी चढताना बघत राहिले. शाळेतल्या प्रयोगाला बसायचे तशी. अक्षरशः डोळे लावून. आणि मग फोन लावला.

'सर, पर्जन्यमापकात पाणी आहे.'

'काय?'

'मैदानावर पाऊस आहे, सर. तुमच्या शेऱ्याप्रमाणे मुलींना आत घेतलंय.'

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग, 'छप्पर बंद करा! आधी छप्पर बंद करा!'

'करतेच आहे सर. चाचणीत पुढे तेच असतं.'

हे मी उद्धटपणे म्हटलं नाही. अगदी खरं तेच सांगितलं. फिटरकाका मात्र रेलिंगला धरून इतके हसले की मला वाटलं, पडतात.

आणि मग ते झालं जे मला तुला दाखवायचं होतं. छप्पर मिटायला लागलं तसा पाऊस गवतावरून मागे सरकायला लागला. पावसाची कड, अगदी सरळ, चुन्यानं आखल्यासारखी, सावकाश चाललेली. अलीकडे कोरडं, पलीकडे धो धो. मुलींनी ते बघितलं आणि बॉल सोडून तिकडे धावल्या. एक पाय पावसात, एक पाय कोरड्यात ठेवून कडेबरोबर चालत राहिल्या, निळे रेनकोट फडफडवत. खारूताईनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघून ओरडली, 'भिजाल साहेब, भिजाल!' हुबेहूब तुझ्यासारखं, मान हलवून. तिला ते आठवतंय, मला माहीत नव्हतं.

छप्पर मिटलं. वर पाऊस वाजत राहिला आणि खाली त्या खेळल्या. पोटभर खेळल्या. इंजिन सोलवटलेल्या गुडघ्यांनी पडली, उठली, आणि कुठलाही टेम्पो आला नाही. तिची आई दारात उभी होती. शेवटपर्यंत तिथून हलली नाही.

काही गोष्टी चुकल्या, त्याही सांगते. प्रदर्शनासाठी आणून ठेवलेल्या गालिच्यांच्या गुंडाळ्या भिजल्या. त्या झाकायला मी विसरले. साहेब आले ते थेट त्या गालिच्यांवर हात फिरवत आले. मला म्हणाले, 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.' मी म्हटलं, 'सर, तुम्ही माईकवर बोललात तेव्हापासून माझी हीच अपेक्षा होती.' हे म्हणताना आवाज फुटला माझा, ठरवलं होतं तसं काही ते झालं नाही. उद्या अध्यक्षांसमोर बोलावलंय. माहितीपत्रकाच्या चार ओळी मी दिल्या नाहीत, देणार नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. दारावरचा फोटो बहुतेक आठवड्याभरात उतरेल. आईला पुन्हा पुढच्या रस्त्यानं भाजीला जाता येईल.

आता तुझं. हाताचं प्लास्टर निघालं की ये. राहायला नको येऊस, माझी चूक होती असं मी म्हणेन म्हणूनही येऊ नकोस, कारण मी म्हणणार नाही. मुलींना शिकवणारं कुणी नाही, म्हणून ये. त्या बॉलमागे सगळ्या एकदम धावतात, तुझ्या ताडपत्रीवाल्यांसारख्या.

तुझ्या पहिल्या ओळीचं उत्तर मला अजून येत नाही. चांगलं उत्तर असेल तर ते मला सांगता येत नाही, दाखवता येतं एवढंच. म्हणून आज काय केलं ते लिहिते.

मुली गेल्यावर, साहेब अध्यक्षांना फोन करायला वर गेले तेव्हा, मी छप्पर परत उघडलं. चाचणी कुठल्या टोकाला संपवायची, हे नियमात लिहिलेलं नाही. आमचं छप्पर वाऱ्यात पूर्ण मिटलेलं चालतं, पूर्ण उघडलेलंही चालतं, फक्त मध्येच राहायला नको. दुपारी वारा सुटला. अंदाजात होता तसाच. मर्यादेच्या बाहेर गेला. अध्यक्षांचा फोन आला, आत्ताच्या आत्ता बंद करा. मी म्हटलं, वारा उतरल्याशिवाय हलवता येणार नाही, सर, मागच्या सामन्याला काय झालं ते आपण बघितलंय. फिटरकाकांनीही तेच सांगितलं. दुसऱ्या कुणाला ते चालवता येत नाही.

म्हणजे सोमवारपर्यंत गवतावर पाऊस पडणार. टाकीचा नव्हे, आभाळाचा. तू विचारलं होतंस ना.

छप्पर उघडं आहे, दादा. ते वाऱ्यात हलू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या लोखंडी पिना मी स्वतः ठोकून आले.

तुझी ठकी